शहरात गाडी लावताना



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी पुष्कळांना वाटेल, हे शहरातल्या लोकांचे दुखणे, आपल्याला त्याचे काय? गाडी कोठे उभी करावी ही चिंता आपल्या गावात नाही. चिंचेखाली लावा, देवळामागे लावा, नाहीतर शेजाऱ्याच्या अंगणात लावा. फार तर कोंबड्या येऊन चाकाखाली बसतात, एवढीच काय ती अडचण. परंतु शहरात जाण्याचा प्रसंग आपल्यालाही येतो, आणि तो बहुधा हौसेने येत नाही. दवाखाना, कोर्ट, मुलाचा कॉलेजप्रवेश अशा कामासाठी माणूस निघतो, तेव्हा तो आधीच काळजीत असतो. त्यात गाडी लावण्याचे पैसे हल्ली हातात द्यावयाचे नसतात, फोनमधून द्यावयाचे असतात. माझ्यासमोर घडलेली एक हकीकत सांगतो, म्हणजे मला काय म्हणावयाचे आहे ते ध्यानात येईल.

आमच्या शेजारी एक आबा राहतात. चार एकर जमीन, एक विहीर आणि एक जुनी जीप एवढा त्यांचा संसार. गेल्या हिवाळ्यात काकूंचा मोतीबिंदू काढण्यासाठी त्यांना पुण्यास न्यावयाचे ठरले. मीही बरोबर गेलो. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा शहरातली कागदपत्रे मला समजत असली पाहिजेत, असा आमच्या आळीचा समज आहे. तो किती खरा आहे हे आता कळेलच.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टरांनी चार तासांत घरी जा म्हणून सांगितले. काकूंच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याला तसेच कमी दिसते. त्यांना हात धरून आम्ही जीपमध्ये बसविले. जीप होती वाहनतळावर, आणि हे वाहनतळ जमिनीच्या पोटात, दोन मजले खाली. त्याचे नाव सांगण्यात हशील नाही, तसली आता पुष्कळ झाली आहेत. फाटकापाशी एक वीसबावीस वर्षांचा पोरगा उभा होता. आबांनी कोपरीच्या खिशातून घडी केलेली पन्नासाची नोट काढली. पोरगा म्हणाला, “काका, कॅश बंद आहे. स्कॅन करा.”

आबांनी नोट उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिली. म्हणाले, “का रं? खोटी हाय का?”

“खोटी नाही हो काका. पण घेता येत नाही. वरून ऑर्डर आहे.”

आबांच्या जवळचा फोन बटणांचा. त्यात बोलता येते आणि विजेरी लागते. आबांच्या दृष्टीने फोनाने याहून अधिक काही करू नये. मग मास्तरांनी, म्हणजे मी, आपला फोन काढला. भिंतीवरच्या काळ्यापांढऱ्या चौकोनावर धरला. पान उघडेना, कारण दोन मजले खाली रेंज कोठली? मी उतारावरून पळत वर गेलो. वर पान उघडले, त्याने फोनचा नंबर मागितला. दिला. मग ओटीपी पाठविला म्हणाले. तो येईपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा मागविला. तो आला. मग गाडीचा नंबर मागितला. तो घातला, तर उत्तर आले की अशी गाडी आत आलेलीच नाही! गाडी आत आली नाही म्हणावे, तर तिच्यामागे सात मोटारी भोंगे वाजवीत उभ्या होत्या, ते मला वरपर्यंत ऐकू येत होते. नंतर समजले की नंबरातल्या शून्याच्या जागी मी इंग्रजी ओ दाबला होता.

मी घामाघूम होऊन खाली आलो तेव्हा काम झालेले होते. त्या पोराने स्वतःच्या फोनवरून चाळीस रुपये भरले होते आणि आबांची पन्नासाची नोट घेऊन दहा रुपये परत दिले होते. दांडी वर गेली, आम्ही बाहेर पडलो. शहर मागे पडेपर्यंत आबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मास्तर, पैसं व्हतं. द्यायचं बी व्हतं. मग अडलं कुठं?”

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा देऊ शकलो नाही. आज देण्याचा प्रयत्न करणार आहे, पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पहिली गोष्ट, गाडी लावण्याचे पैसे मुळात द्यावेत तरी का? रस्ता सरकारी, म्हणजे आपल्या सर्वांचा. त्याच्या कडेला घटकाभर गाडी उभी केली तर कोणाचे काय गेले? आठवड्याच्या बाजाराचे उदाहरण घ्या. पहाटे येऊन एकाने बाजाराच्या तोंडाशी बैलगाडी सोडली, बैल चाकाला बांधले आणि संध्याकाळपर्यंत झोप काढली, तर मागून आलेल्या भाजीवाल्याने पाटी कोठे उतरवावी? म्हणूनच पूर्वी गाड्यांसाठी वेगळा तळ असे. पुण्याजवळ हडपसरला गाडीतळ नावाचा भाग आहे, ते नाव बैलगाड्या गेल्या तरी टिकून राहिले. जत्रेत सुद्धा आपण पाहतो, कोणी आपले रान मोकळे ठेवतो, एक पोरगा शिट्टी आणि पावतीपुस्तक घेऊन उभा राहतो, आणि गाडीमागे काही रुपये घेतो. कोणी कुरकुर करीत नाही. जागा थोडी आणि मागणारे पुष्कळ असले, की काहीतरी नियम लागतो. पुण्यातच कित्येक रस्त्यांवर सम तारखेस एका बाजूला आणि विषम तारखेस दुसऱ्या बाजूला गाड्या लावाव्यात असा नियम आहे; पी-१, पी-२ अशा पाट्या त्यासाठीच असतात. नवख्या माणसाला त्या पाट्यांचा अर्थ लागत नाही आणि आज तारीख कोणती हे आठवेपर्यंत गाडी उचललेली असते, हा भाग वेगळा.

पैसे घेण्याचे यंत्र प्रथम बसले ते अमेरिकेत. ओक्लाहोमा सिटी नावाच्या शहरात कार्ल मॅगी या नावाचे एक वृत्तपत्रकार होते. तेथील दुकानदारांची तक्रार अशी होती, की दुकानांत आणि कचेऱ्यांत काम करणारे लोकच सकाळी येऊन दारापुढे मोटारी लावतात आणि दिवसभर हलवीत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकाला उभे राहावयास जागा उरत नाही. मॅगी यांनी यावर यंत्राची कल्पना काढली. तेथील शेतकी व यंत्रविद्येच्या कॉलेजातल्या थ्यूसन आणि हेल या दोघांनी ते घडवून दिले. खांबावर घड्याळ, त्यात नाणे टाकावयाचे, तेवढा वेळ गाडी उभी. १६ जुलै १९३५ रोजी पहिले यंत्र बसले. दर एका निकेलचा, म्हणजे पाच सेंटचा. लोकांनी आरडाओरडा केला, हा कर आहे म्हणून भांडले. पण दुकानदारांना ते आवडले आणि पुढच्या सातआठ वर्षांत त्या देशात अशी एक लाख चाळीस हजारांवर यंत्रे उभी राहिली.

मौज पुढेच आहे. या यंत्राचा नियम मोडला म्हणून ज्यांना प्रथम पकडण्यात आले, ते एक पाद्री होते. त्यांनी न्यायाधीशांस सांगितले की यंत्रात टाकावयास माझ्याजवळ सुटे नाणे नव्हते, ते आणावयास मी किराणा दुकानात गेलो होतो, तेवढ्यात शिपायाने मला धरले. न्यायाधीशांनी त्यांना सोडून दिले. आबांचा प्रश्न आठवा. पैसे होते, द्यावयाचेही होते, अडले ते सुट्यापाशी. नव्वद वर्षांपूर्वी माणूस सुट्यासाठी दुकानात पळाला, मी रेंजसाठी उतारावर पळालो. त्यांना निदान न्यायाधीश भेटले.

अर्थशास्त्राचा मास्तर असल्यामुळे आणखी एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी सारे आयुष्य या एकाच विषयाला वाहिले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वारले. लॉस एंजेलिस शहराच्या वेस्टवुड व्हिलेज या भागात त्यांनी मोजणी केली. फक्त पंधरा चौकांचा तो भाग. रस्त्याकडेची जागा स्वस्त, म्हणून ती मिळावी यासाठी लोक घिरट्या घालीत. एकेका गाडीच्या त्या घिरट्या अर्ध्याच मैलाच्या. पण वर्षाची बेरीज केली तेव्हा ती साडेनऊ लाख मैल भरली. पृथ्वीला अडतीस प्रदक्षिणा! तेवढे पेट्रोल जळाले, तेवढा धूर झाला, आणि कोणी कोठे पोचले नाही. शूप यांचे म्हणणे एवढेच, की जागेचे मोल असे ठेवा की दर चौकात एखादी तरी जागा रिकामी सापडावी. मग त्या पैशांतून त्याच रस्त्याची सुधारणा करा, म्हणजे लोकांची कुरकुर कमी होईल. मला हे पटते. आपल्याकडे मात्र मोल लावण्याचे नाव काढले की वादळ उठते. पुणे महापालिकेने २०१८ च्या मार्चमध्ये वाहनतळाचे धोरण मंजूर केले तेव्हा एवढा विरोध झाला, की ते आधी पाचच रस्त्यांवर करून पाहावयाचे ठरले. मुंबईने दुसरे टोक गाठले होते. तेथे २०१९ च्या जुलैत, सार्वजनिक वाहनतळ जवळ असता रस्त्यावर गाडी लावणाऱ्यास पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड ठेवला गेला. तेवढ्या पैशात आमच्याकडे दुभती शेळी येऊन वर करडू येईल.

बरे, पैसे द्यावेत हे मान्य केले. ते फोनमधून का? हा उद्योग प्रथम मोठ्या प्रमाणावर एस्टोनिया या चिमुकल्या देशात झाला. त्याची राजधानी टालिन. तेथे २००० साली, म्हणजे आजच्यासारखे फोन निघण्यापूर्वीच, लोक साध्या फोनवरून संदेश पाठवून गाडी लावण्याचे पैसे देऊ लागले. संदेशात गाडीचा नंबर आणि विभागाची खूण लिहावयाची, म्हणजे वेळ सुरू. निघताना कळविले की वेळ बंद, आणि रक्कम फोनच्या बिलात. हे लक्षात ठेवा. त्याला कॅमेरा लागत नव्हता, ॲप लागत नव्हते.

आताची रीत अशी. ॲपमध्ये गाडीचा नंबर घालावयाचा, पाटीवरचा जागेचा क्रमांक घालावयाचा, किती वेळ थांबणार ते सांगावयाचे आणि पैसे भरावयाचे. काचेवर चिठ्ठी चिकटवावी लागत नाही. तपासनीस येतो, आपल्या यंत्रात तुमचा नंबर घालतो, आणि पैसे आले की नाही ते त्याला दिसते. काही ठिकाणी कॅमेराच नंबर वाचतो. काही ठिकाणी टोलनाक्यासाठी काचेवर लावलेल्या फास्टॅगमधून रक्कम वळती होते. दिल्लीत काश्मीरी गेट मेट्रो स्थानकावर २०२१ च्या जुलैत तशी सोय झाली.

यात सोय आहे, हे मी नाकारीत नाही. वेळ संपत आली की फोन सूचना देतो; डॉक्टरांकडे नंबर लागला नसेल तर बाकावर बसल्या बसल्या अर्धा तास वाढविता येतो. ज्या ॲपमध्ये जागेचा क्रमांक घालून पैसे भरता येतात, तेथे तर गाडी पुण्यात आणि पैसे भरणारा मुलगा गावात, असेही चालते. पाटीवरचा क्रमांक घरी फोन करून सांगितला की झाले. आणि याहून मोठा फायदा हिशेबाचा आहे. वाहनतळ ठेक्याने दिले जातात. ठेकेदार ठरलेली रक्कम महापालिकेत भरतो. पुढे गाड्या शंभर आल्या की हजार, हे त्याचे त्यालाच ठाऊक. “पावती नको ना? मग दहा कमी द्या,” हा संवाद आपण सर्वांनी ऐकला आहे, आणि खरे बोलायचे तर आपण दहा रुपये वाचवून खूषही झालो आहोत. फोनच्या व्यवहारात प्रत्येक गाडीची नोंद होते. कोणत्या रस्त्यावर, किती वाजता, किती गाड्या, हे मोजता येते. आणि जे मोजता येते त्याचा जाब विचारता येतो.

पण बघा, त्या पावतीपुस्तकाबरोबर तो पोरगाही जातो. तो दहा रुपये खातो हे खरे, पण पट्टी बांधलेली बाई पाहिली की तो मार्गही काढतो. “जाऊ द्या आजोबा, येताना द्या,” असे म्हणणारा तोच. त्याची लबाडी नको असली तर त्याची समजूतही जाणार, कारण दोन्ही एकाच खिशात असतात. यंत्र लबाडी करीत नाही आणि कोणाला ओळखतही नाही.

ते ओळखेनासे झाले म्हणजे काय होते, याचे उदाहरण इंग्लंडातले आहे. डर्बी शहरात एक बाई एका खाजगी वाहनतळावर गाडी लावीत. २०२३ सालची गोष्ट. आत शिरल्यापासून पाच मिनिटांत पैसे भरावेत असा तेथील नियम. आतमध्ये रेंज मिळेना, म्हणून त्या रेंज मिळेल तेथे जाऊन पैसे भरीत. भरीत मात्र पूर्ण, आणि दर वेळी. तरी पाच मिनिटे उलटली म्हणून त्यांच्यावर दहा नोटिसा निघाल्या आणि १,९०६ पौंडांची मागणी झाली. आपल्या हिशेबाने दोन लाख रुपयांच्या घरात! २०२४ च्या अखेरीस वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, मागणी मागे घेण्यात आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून असा नियम झाला की कॅमेऱ्याच्या वाहनतळावर माणसाने बाहेर पडण्यापूर्वी पैसे भरले असतील तर उशिरासाठी त्याला धरू नये. एवढी साधी गोष्ट लिहून घ्यावयास वर्तमानपत्रांत ओरड व्हावी लागली.

त्या देशात आणखी एक त्रांगडे आहे. गावागणिक ॲप निराळे. एका शहरातले दुसऱ्यात चालत नाही. लोकांच्या फोनात आठआठ दहादहा ॲपांची गर्दी. सर्वांना एका सूत्रात आणावयाची खटपट तेथे चालू झाली आहे. या बाबतीत आपण थोडे सुदैवी आहोत. आपल्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आले आणि त्याने सगळ्या बँकांना एका पंगतीस बसविले. चौकोन कोणाचाही असो, तो कोणत्याही यूपीआय ॲपने वाचता येतो. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. आपल्या गावातला चहावालाही चौकोन लावून बसला आहे, हे तुम्ही पाहताच. माझे गाऱ्हाणे यूपीआयविषयी नाहीच. सरळ चौकोन वाचून चाळीस रुपये देता आले असते तर मी एका मिनिटात मोकळा झालो असतो. अडविले ते मधल्या नोंदणीने. नंबर द्या, ओटीपी द्या, नाव द्या, ईमेल द्या! अहो, मला गाडी बाहेर काढायची आहे, सोयरीक जुळवायची नाही. आणि ही माहिती जाते कोठे? अमका माणूस अमक्या दिवशी इतका वेळ अमक्या इस्पितळापाशी होता, हे पावतीपुस्तकाला कधी कळत नव्हते. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला आहे, पण कायदा असला म्हणून विनाकारण माहिती द्यावी असे नाही. जेवढ्यास तेवढे सांगावे.

आता दोन गोष्टी शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी. वर्गात फोन आणून शिकवा असे मी म्हणत नाही. पण शाळेसमोरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर मुलांकडून लिहून घ्या. एमएच म्हणजे महाराष्ट्र, पुढचे दोन आकडे म्हणजे परिवहन कार्यालय, ११ असेल तर सातारा, १२ असेल तर पुणे. मग मालिकेची अक्षरे, मग चार आकडे. या मालिकेत इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरे वापरीत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा करतात. हे मला त्या दिवशी ठाऊक असते तर ओ दाबण्याची चूक झाली नसती. एम.ए.च्या पदवीत हे शिकवीत नाहीत.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरी २०२२ च्या आरंभी वाहनतळाच्या यंत्रांवर कोणीतरी खोटे चौकोन चिकटविलेले सापडले. एकूण एकोणतीस. त्या यंत्रांवर चौकोनाची सोय मुळात नव्हतीच. पण चौकोन दिसला, लोकांनी वाचला आणि पैसे भामट्याच्या खात्यात गेले. तेव्हा पाटीवर कागदाचा तुकडा मागून डकविलेला दिसला तर नखाने खरवडून बघा. चौकोन वाचल्यावर पडद्यावर घेणाऱ्याचे नाव येते, ते मोठ्याने वाचा. वाहनतळाच्या ऐवजी भलत्याच माणसाचे नाव आले तर तेथेच थांबा. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे येणार असतील तर पिन लागत नाही. परत देतो, पिन टाका, असे कोणी म्हणाले तर तो चोर समजावा. आणि पैसे दिल्याचा संदेश घरी पोचेपर्यंत पुसू नका, तीच तुमची पावती.

साध्या फोनवाल्याने काय करावे? रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या मार्चमध्ये त्यांच्यासाठी १२३पे या नावाने सोय काढली. ठराविक क्रमांकावर फोन लावावयाचा, पलीकडचा आवाज विचारील तशी बटणे दाबावयाची. सोय चांगली आहे. पण वाहनतळाच्या फाटकावर उभा असलेला साधा फोन भिंतीवरचा चौकोन वाचू शकत नाही, आणि मागे सात मोटारी भोंगे वाजवीत असता कोणता आजोबा बटणे दाबीत बसेल? टालिनच्या लोकांना पंचवीस वर्षांपूर्वी जे साध्या संदेशात जमले, ते आपल्याला का जमू नये? वाहनतळाचा क्रमांक आणि गाडीचा नंबर सांगून कोणत्याही फोनवरून, वाटल्यास घरच्या माणसाच्या फोनवरून, निघण्यापूर्वी केव्हाही पैसे भरता यावेत. तळघरात रेंज नसेल तर भरण्याची जागा वर ठेवावी. पाटी मराठीत असावी, आणि चष्म्याशिवाय वाचता येईल एवढी असावी. आणि इस्पितळे, न्यायालये, बाजारपेठा, येथे तरी एका फाटकावर नोट घेणारा माणूस ठेवावा. त्याला पावतीचे यंत्र द्यावे, म्हणजे दहा रुपयांचा प्रश्नही राहणार नाही. जो पैसे घेऊन आला आहे त्याला पैसे देता आले नाहीत, तर दोष देणाऱ्याचा धरू नये. ओक्लाहोमाच्या न्यायाधीशांना हे १९३५ साली कळले होते.

आबांना मी हे सगळे एकदा पारावर बसून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, तंबाखू मळली, आणि विचारले, “म्हंजे पुढच्या खेपंला काय करायचं ते सांगा.” कारण काकूंच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख लागली आहे. मी म्हणालो, मी येतो ना बरोबर. यावर आबांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी पुढे बोललो नाही.

त्यांची नात नववीत आहे. घरातला मोठा फोन तिच्या बापाचा, पण तो चालतो तिच्या हाताने. गेल्या सोमवारी आबा स्वतः शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांपुढे तिच्या एका दिवसाच्या रजेचा अर्ज ठेवला. मुख्याध्यापक माझे स्नेही, म्हणून हे मला कळले. अर्ज पोरीच्या सुंदर अक्षरात होता. कारण या शब्दापुढे लिहिले होते, ‘पुण्यात गाडी लावण्यासाठी.’ मुख्याध्यापकांनी दोन वेळा वाचले, आबांकडे पाहिले, आणि रजा मंजूर केली.